एक तासाचं तळं

डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात सगळ्या वाटा एकाच माणसाच्या पायांनी मोजलेल्या होत्या, आणि तो माणूस सहा फूट दोन इंच उंच होता. तिथं येणाऱ्या माणसांच्या हालांचं मूळ शोधायचं, तर ते एवढंच.

त्याला सगळे ढांग्या म्हणत. पाठीमागं म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. छाती बेताची, पोट नावाला, आणि कमरेखाली जे सुरू व्हायचं ते संपता संपायचं नाही. तो उतार उतरायला लागला की खालून बघणाऱ्याला वाटे, कुणीतरी शिडी एकटीच फिरायला सोडली आहे. हुद्दा वाटरक्षक. आडवं पडलेलं झाड बाजूला करायचं, वाहून गेलेला दगड परत बसवायचा, बर्फ वितळलं की ओढ्यांवर फळ्या टाकायच्या आणि फाट्याफाट्यावरच्या पाट्या सरळ ठेवायच्या, हे काम. पाट्यांवर अंतर लिहिलेलं नव्हतं, वेळ लिहिलेली होती. तळं – एक तास. खिंड – अडीच तास. डोंगरात अंतराला काही अर्थ नसतो, चढाला असतो, म्हणून जुन्या साहेबांनी तशी रीत घालून दिली होती.

हे तास आले कुठून, ते ढांग्या विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्यालाही सांगे. एकतीस वर्षांपूर्वी जुन्या साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चालून ये, आणि किती वेळ लागतो ते मला सांग." तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. लग्न ठरून नऊ दिवस झाले होते, आणि त्या सकाळी होणारी बायको वडिलांबरोबर फाटकापाशी उभी होती. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तो गाळत असे. त्या त्याची बायको सांगे.

"चालला कसला," ती म्हणे, "जीव घेऊन पळत सुटला. मी म्हटलं, बाबा, याला माझ्याशी लग्न करायचं नाही वाटतं."

एका नवऱ्यामुलाचा तोरा असा काळ्या लाकडावर पांढऱ्या अक्षरांत रंगवला गेला, आणि पुढं एकतीस वर्षं माणसं त्याला घड्याळ समजून डोंगर चढत राहिली.

हिवाळ्यात स्कीवाले यायचे. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून दिमाखात वर जायचे आणि बसल्या जागी घसरत खाली यायचे. वसंतात चिखल आणि पक्षी बघणारे बरोबरच यायचे. गळ्यात दुर्बीण, हातात पुस्तक, आणि समोरच्या फांदीवर पक्षी बसला तर तो पुस्तकात सापडेपर्यंत उडून गेलेला. उन्हाळ्यात तळ्यावर पोहायला झुंबड. पाण्यात पायाचा अंगठा घालायचा, किंचाळायचं, आणि घरी जाऊन पोहलो म्हणून सांगायचं. पानगळीत सगळा उतार पेटल्यासारखा लाल व्हायचा, तेव्हा फोटोवाले यायचे आणि हजार झाडं सोडून एकाच झाडासमोर रांग लावायचे. चारही ऋतूंतल्या या माणसांत एक गोष्ट सारखी होती. पाटी बघून निघायचे, तासाभरानं घड्याळ बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे, आणि मग खाली मान घालून आपल्याच पायांकडं बघायचे.

क्वचित कुणी परत आल्यावर फाटकातली तक्रारवही मागून घेई. "तुमचं तळं कुठं हलवलंत?" असं एकानं लिहिलं होतं. "एक तास म्हणजे नक्की कुणाचा?" असं एका बाईंनी. ढांग्या ही वही रोज संध्याकाळी वाचायचा, जसा एखादा नट आपल्या नाटकाबद्दल छापून आलेलं वाचतो तशी. "माणसांचे पाय आखूड होत चाललेत," एवढंच म्हणायचा, आणि वही मिटून ठेवताना तिच्यावरून हात फिरवायचा.

बायकोचं फाटकाबाहेर लाकडी दुकान होतं. बूट, काठ्या, लोकरीच्या टोप्या आणि बर्फात पाय रुतू नये म्हणून बांधायचे जाळीचे रुंद जोडे ती भाड्यानं द्यायची. उजाडता दुकान उघडायचं, शेवटचा बूट परत आला की मिटायचं. त्यामुळं सबंध उद्यानाला पायताणं पुरवणारी ही बाई एकतीस वर्षांत फाटकाच्या वर कधी गेली नव्हती. पण परत आलेल्या बुटाचा तळ उलटा करून बघितला की माणूस कुठवर गेला होता ते तिला कळायचं. "खिंडीत जाऊन आलो," असं कुणी छाती काढून सांगितलं, तर ती बूट हातात फिरवून म्हणायची, "हो का? ही माती तर ओढ्याच्या अलीकडची आहे." माणूस भाडं देऊन गुपचूप जायचा.

तिनं नवऱ्याचे बूट कधी उलटे करून बघितले नाहीत. बघितले असते तर पुढचं टळलं असतं.

कारण तीन वर्षांपासून त्याचा उजवा गुडघा बिघडला होता. हे फक्त त्याला आणि गुडघ्याला माहीत होतं. वाटेत कुणी बरोबर असलं की त्याच्या बुटांच्या नाड्या हल्ली फार सुटायच्या. वळण आलं की वाकायचा, नाडी सोडायचा, पुन्हा बांधायचा, तेवढ्यात श्वास घेऊन व्हायचा. बरोबरच्याला वाटे, केवढा व्यवस्थित माणूस!

त्यात हिवाळ्याच्या तोंडाला नव्या मॅडम बदलून आल्या. बुटक्या, नीटनेटक्या, चष्म्याला गळ्यात दोरी. आधीच्या सहा साहेबांपैकी एकानंही जे केलं नव्हतं, ते त्यांनी पहिल्या आठवड्यात केलं. तक्रारवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"चारशे बारा तक्रारी आहेत," त्या ढांग्याला म्हणाल्या. "त्यातल्या तीनशे नव्वद एकाच माणसाबद्दल आहेत, फक्त लिहिणाऱ्यांना तुमचं नाव माहीत नाही."

ढांग्या नम्रपणे हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

"वाटेची वेळ वाटरक्षकानंच द्यायची, असा नियम आहे. तेव्हा तुम्हीच परत चाला. हिवाळ्यात एकदा, वसंतात एकदा, उन्हाळ्यात आणि पानगळीत. प्रत्येक ऋतूची वेळ वेगळी लिहू. खरी लिहा. नव्या पाट्या रंगवून घेऊ."

"लिहितो की," ढांग्या म्हणाला.

"आणि दुसरा नियमही ठाऊक आहे ना? उन्हाळ्यात तळ्यापर्यंत ज्याला दीड तासापेक्षा जास्त लागतो, त्यानं वाटेवर राहायचं नाही."

तो नियम न ठाऊक असणारा माणूस तिथं नव्हता. वाटेवरून उतरवलेल्याला तिकिटाच्या खिडकीत बसवायचे. सध्या तिथं आबा बसत. कधीकाळी हे आबा कड्यावरून दोर सोडून अडकलेली माणसं वर काढायचे. आता काचेमागं बसून बसून त्यांचा रंग पोत्यातल्या बटाट्याला फुटलेल्या कोंबासारखा झाला होता. दिवसभर एकच वाक्य बोलायचे, "किती जण?" एकदा घरी बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हाही तेच बोलले, असं म्हणतात. ढांग्यानं मॅडमच्या खोलीतून बाहेर पडताना त्या खिडकीकडं बघितलं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात काय लिहायचं ते ठरून गेलं. चालणं बाकी होतं, एवढंच.

हिवाळ्यात तो जाळीचे जोडे बांधून निघाला. पाइनच्या फांद्यांवर बर्फ असं बसलं होतं, जसं कुणी झाडाझाडाला हळूच समजूत घालून शांत केलंय. कुठं पाखरू नाही, पाण्याचा आवाज नाही. होता तो फक्त त्याच्या गुडघ्याचा. तळ्याच्या काठाशी पोचला तेव्हा दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. गोठलेल्या तळ्याकडं बघत तो बराच वेळ बसला, आणि वहीत लिहिलं, "एक तास वीस मिनिटं." वीस मिनिटं कशाला? खरेपणाला. निव्वळ एक तास लिहिला असता तर थाप वाटली असती.

वसंतात चिखल घोट्यापर्यंत होता. दर दहा पावलांवर बर्फाखालून सुटलेलं पाणी वाट ओलांडत होतं, आणि त्या पाण्याकाठी बोटाएवढी जांभळी फुलं बर्फाला भोक पाडून वर आली होती. त्यांना कुठं जायचं नव्हतं, म्हणून ती वेळेवर पोचली होती. ढांग्याला दोन तास दहा मिनिटं लागली. लिहिलं, "एक तास दहा."

उन्हाळ्यात वाट कोरडी, हवा स्वच्छ, आणि तरीही पावणेदोन तास. अर्ध्या वाटेवर आठेक वर्षांची एक मुलगी आईचं बोट धरून त्याच्या पुढं निघून गेली, आणि जाताना म्हणाली, "काका, तुमची नाडी सुटलीय." सुटली नव्हती. ते त्याला जास्त लागलं. वहीत मात्र एक तासच उतरला.

खिंडीपर्यंत तो एकाही ऋतूत गेला नाही. तळ्याच्या काठी बसूनच तिचे जुने अडीच तास लिहिले. पानगळीची नोंद तर घरी बसून केली, चहा पिता पिता.

पाट्या झाल्या. पाटीवाल्या रंगाऱ्याचा हात सुरेख होता. हिरव्या लाकडावर पिवळी अक्षरं, कडेला एक पान. आणि पाट्या नव्या म्हटल्यावर माणसांचा त्यांच्यावर जुन्यांपेक्षा दुप्पट विश्वास बसला.

पानगळ सरत आली तेव्हा ढांग्याची मेहुणी सपाटीवरच्या शहरातून चार दिवस राहायला आली. बोलण्यात बहिणीपेक्षा सवाई. एका सकाळी तिनं फर्मान काढलं, "ताई, आज दुकानाला कुलूप. एकतीस वर्षं डोंगराच्या पायाशी बसून लोकांना बूट घालतेस, एकदा स्वतः घाल. आपण खिंडीत जाऊ. वरून सगळी लाल दरी दिसते म्हणे."

दोघी तयार होऊन फाटकापाशी आल्या. बरोबर डबा, पाणी, अंगात एकेक स्वेटर. पाटीसमोर बायको थांबली. रंगारी तिथंच फाटकाला रंगाचा हात देत होता. आबा खिडकीतून बघत होते. ढांग्या काठी घेऊन उभा होता.

"अहो," बायको म्हणाली, "खिंड खरंच अडीच तास ना?"

"पाटीवर काय लिहिलंय?"

"अडीच."

"मग?"

"मग तुम्हाला विचारतेय. आता दहा वाजलेत. साडेबाराला पोचू, तासभर बसू, चारच्या आत खाली. बरोबर?"

सांगायला ती वेळ होती. नुसतं "जरा जास्त लागेल" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण रंगाऱ्यानं ब्रश थांबवला होता, आबांनी काचेला कान लावला होता, आणि मेहुणी हसत म्हणाली, "ताई, भावोजींचे पाय बघ आणि आपले बघ. आपल्याला तीन धर."

"तीन कशाला?" ढांग्या म्हणाला. "अडीचात आरामात जाल."

त्या गेल्या. तो स्वतःला म्हणाला, तळ्यापर्यंत जातील, दमतील, डबा खाऊन परततील. सगळे तेच करतात.

दोन वाजले. तीन वाजले. फाटकापाशी त्यानं एकच दगड तीनदा बसवला. साडेतीनला तळ्यावरून परतलेल्या फोटोवाल्यांना विचारलं, "दोन बायका दिसल्या का? एक सारखी बोलणारी?" एक जण म्हणाला, "हो, साडेबाराला तळ्यावर होत्या. डबा खाऊन लगेच वर निघाल्या. ती बोलणारी आमचेच फोटो कसे काढायचे ते आम्हाला सांगून गेली."

ढांग्यानं वरच्या वाटेकडं बघितलं. तळ्याला अडीच तास लागूनही त्या मागं फिरल्या नव्हत्या. पाटी खोटी आहे असं त्यांच्या मनातही आलं नसणार. आपणच रेंगाळलो, आपलेच पाय कमी पडले, असं म्हणून त्यांनी वेग वाढवला असणार. एकतीस वर्षं माणसं हेच तर करत आली होती.

साडेचारला वरून गार वारा सुटला. खिंडीच्या बाजूला रात्री पाणी गोठत होतं. मागच्याच पानगळीत तिथं अडकलेल्या एकाच्या पायाची दोन बोटं गारठ्यानं गेली होती. फोन तळ्याच्या वर लागत नव्हता. ढांग्या मॅडमच्या खोलीत गेला आणि बायको परतली नाही म्हणाला.

मॅडमनी लगेच नकाशा पसरला. शोधपथकातली चार पोरंपोरी दोर आणि पांघरुणं घेऊन दारात उभी राहिली. गाडी एकच होती. तिनं एक तर कच्च्या रस्त्यानं तळ्यापर्यंत जाता येत होतं, नाहीतर डोंगराला वळसा घालून पलीकडच्या दरीत.

"तळ्यावरून कधी निघाल्या?"

"साडेबारा-एकला."

"पाटीप्रमाणं तिथून खिंड दीड तास. म्हणजे अडीचला खिंडीत होत्या." मॅडमचं बोट नकाशावर चढत गेलं. "अडीचला खिंडीतून परत फिरल्या असत्या तर आत्तापर्यंत इथं असत्या. नाहीत. म्हणजे वाट चुकून पलीकडं उतरल्या. दर वर्षी एक-दोन जण उतरतातच. चला, गाडी पलीकडच्या दरीत."

पोरं वळली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"नाही," ढांग्या म्हणाला.

"काय नाही?"

"पलीकडं नाहीत त्या. अजून खिंडीतच पोचल्या नसतील."

"अहो, निघून साडेसहा तास झाले. पाटीवर..."

"पाटी खोटी आहे."

वळलेली पोरं दारातच थांबली. तो नकाशाकडं बघत बोलत होता, कारण माणसांकडं बघता येत नव्हतं.

"तळ्यावरून खिंडीला तिला चार तास लागतील. सपाट खडकापाशी पाटी आहे, खिंड अर्धा तास म्हणून. तिथून दीड तास आहे, उभा चढ. ती पाटी बघून ती मागं फिरायची नाही, मी ओळखतो तिला. खडकाच्या वर आणि खिंडीच्या खाली कुठंतरी आहे. गाडी तळ्यावर न्या."

"तुम्ही चालून वेळ लिहिली होती ना?"

"तळ्यापर्यंत चाललो. खरी वेळ लिहिली नाही. मला पावणेदोन तास लागले, उन्हाळ्यात." आणि मग एकदम, "मॅडम, खिडकीचं नंतर बघू. आधी गाडी वळवा."

गाडी तळ्यावर गेली. तिथून पोरं पायी सुटली, तोही सुटला. पहिल्याच वळणावर चौघंही त्याला मागं टाकून गेली. या वेळी तो नाडी बांधायला वाकला नाही. तसाच, गुडघा ओढत, उघड उघड लंगडत चढला. सपाट खडकावर पोचला तेव्हा पाय पुढं जाईना, म्हणून आपल्याच पाटीला धरून उभा राहिला. सूर्य कड्याआड गेला होता. खालची सगळी लाल दरी हळूहळू राखेच्या रंगाची होत होती.

वरून आवाज आला. आवाज मेहुणीचा, म्हणजे जिवंत होती आणि बऱ्यापैकी जिवंत होती.

पोरांना त्या खिंडीच्या खाली, हाकेच्या अंतरावर सापडल्या होत्या. मेहुणी दगडावर बसून रडत होती. बायको रडत नव्हती, बसलेलीही नव्हती. ओठ निळे पडलेले, आणि दगडाला हात टेकत अजून वर चढत होती. पथकातल्या पोरीनं हाक मारली तेव्हा म्हणाली होती, "थांब जरा. अर्धाच तास राहिलाय."

खडकापाशी आल्यावर तिनं नवऱ्याकडं बघितलं. अंगावर पांघरूण, दात वाजत होते.

"घरात तुम्ही काहीही बोलता," ती म्हणाली. "ते मी धरतच नाही. पण म्हटलं, हा माणूस लिहील ते तरी खोटं लिहिणार नाही."

त्यानं पाटीवरचा हात काढून घेतला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, तुमच्याकडं एक तास केवढ्याला पडतो हो? आमच्या शहरात साठच मिनिटं देतात."

गोष्ट इथंच संपायची. पण उद्यानाला वर एक मोठं कार्यालय होतं, आणि मोठ्या कार्यालयाला अहवाल लागतो.

आठ दिवसांनी मॅडमनी त्याला कागद दाखवला. मोठ्या कार्यालयातून तो मजकूर लिहूनच आला होता. "पाट्या यंदाच रंगवलेल्या असून सुस्थितीत आहेत. सदर महिला पर्यटक पाटीवरील वेळेपेक्षा सावकाश चालल्यामुळे त्यांना विलंब झाला." खाली बायकोच्या सहीसाठी जागा.

"पाट्या खोट्या होत्या असं लिहिलं, तर मंजूर कुणी केल्या हे येतं," मॅडम म्हणाल्या. त्या चष्म्याच्या दोरीशी चाळा करत होत्या. "मंजूर मी केल्यात. त्यांना ते नकोय. यात तुमचंही नाव नाही. तुम्ही वाटेवर राहाल."

ढांग्या कागद घेऊन घरी आला. खरं सांगायचं तर वाटेत त्याला हलकं वाटत होतं. एवढं होऊन डोंगर आपलाच राहिला, असं वाटत होतं. बायको शेगडीपाशी बसून पायांना शेक देत होती. तिनं कागद वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"सावकाश चालल्यामुळे," ती म्हणाली. "पेन द्या."

"करतेस सही?"

"करते की. तळ्यावर पोचले तेव्हाच माझा समज झाला होता, की माझे पाय कामातून गेले. आता सरकारनं पण लिहून दिलं. मी कोण नाही म्हणणारी?"

तिनं हात पुढं केला. तो पेन देईना. तिच्या डाव्या पायाच्या करंगळीवर अजून काळसर डाग होता. ढांग्यानं तो डाग बघितला, मग तिच्या मांडीवरचा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

सकाळी त्यानं मॅडमच्या टेबलावर वेळांची वही उघडली. स्वतःच्या सगळ्या नोंदींवर रेघ मारली. खाली लिहिलं: हिवाळा, दोन तास चाळीस. वसंत, दोन तास दहा. उन्हाळा, पावणेदोन. पानगळ, चाललो नाही. खिंड, चाललो नाही. आणि सही केली. अहवालाचा कागद त्याच वहीत ठेवून दिला, सहीविना.

"याचा अर्थ कळतो ना?" मॅडमनी विचारलं.

"कळतो. हिवाळ्यात त्या खिडकीत शेगडी असते का?"

मॅडमनी वही आपल्याकडं ओढली. मग त्यांनी पेन उघडलं, आणि त्याच पानावर, त्याच्या सहीखाली लिहिलं की पाट्या न तपासता मंजूर करण्यात आल्या. कुणी केल्या तेही लिहिलं. मोठ्या कार्यालयानं त्याबद्दल त्यांना चार पानी पत्र पाठवलं, ते त्यांनी तक्रारवहीत लावून टाकलं, चारशे तेरावी म्हणून.

आबा निवृत्त होऊन घरी गेले आणि खिडकीत ढांग्या आला. पाय मावेनात म्हणून सुतारानं टेबल चार बोटं वर उचललं. पहिल्या दिवशी एकशे सहा माणसांना "किती जण?" विचारलं, आणि एकशे सहा वेळा स्वतःचीच लाज वाटली. काचेतून डोंगराचा तुकडा दिसायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तेवढ्यावर भागवायला तो हळूहळू शिकत होता.

पण पाट्यांसाठी चालणार कोण? नवा वाटरक्षक बावीस वर्षांचा होता, आणि त्याचंही लग्न ठरलं होतं. मॅडम म्हणाल्या, तो नको. मॅडमनी नियमच बदलून घेतला. वेळ अशा माणसाची हवी, ज्याला बूट भाड्यानं घ्यावे लागतात, आणि जो कुणाला काही दाखवायला चालत नाही. असं म्हणून त्या दुकानात गेल्या आणि ढांग्याच्या बायकोच्या हातात घड्याळ दिलं. वेळांची वही मात्र खिडकीत राहिली. लिहायचं काम ढांग्याचं.

हिवाळ्यात, पहिलं जाड बर्फ पडल्यावर, ती जाळीचे जोडे बांधून नऊ वाजता निघाली. दोन वाजता परतली. तोंड लालबुंद, टोपीतून केस सुटलेले, बर्फ कमरेपर्यंत. खिडकीसमोर तिकिटांची रांग होती. ती रांगेतूनच पुढं आली, कारण नवरा खिडकीत असण्याचा तेवढा तरी उपयोग.

"लिहा," ती काचेतून म्हणाली. "तळं. दोन तास."

ढांग्यानं पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"तळ्यावर बसलीस किती?"

"बसतेय कुठली? गार वारा. बघितलं आणि वळले."

"नऊला निघालीस. दोनला आलीस. उतरायला फार तर दीड तास."

"मग?"

"मग साडेतीन होतात."

रांगेतला एक स्कीवाला फिसकन हसला. तिनं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो पट्ट्या सावरायला लागला.

"मला खोटी म्हणताय?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही?"

ढांग्यानं वही जवळ ओढली. त्यानं वहीत लिहिलं, मोठ्या, सुट्या अक्षरांत, आणि सहीसाठी वही काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवली. तिनं ती वाचली. मागं उभ्या असलेल्या माणसांकडं एकदा बघितलं, टोपी कानांवर ओढली, आणि वाकून काचेला तोंड लावलं.

"सव्वातीन करा."

"साडेतीन," तो म्हणाला, आणि पेन पुढं केलं.

तिनं सही केली. ती इतकी दाबून, की पुढच्या तीन पानांवर उमटली.